भाचा म्यानमारमध्ये बंदूकवाल्यांच्या ताब्यात अडकलाय, कुणाकडे दाद मागायची?

बोरीकाठ – २१ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं फक्त कपाशीचे भाव आणि पाण्याचे धागे वाचतो, लिहायची ही पहिलीच वेळ आहे त्यामुळे काही पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

माझा सख्खा भाचा, ताईचा मुलगा, वय २४, डिप्लोमा झालेला. गाव पारोळा तालुक्यात, नाव-गाव पूर्ण देत नाही. दोन वर्षं घरीच होता, जळगावला एमआयडीसीत थोडे दिवस केलं पण तिथं बारा हजारांवर कुणी देईना. दिवाळीनंतर टेलिग्रामवर जाहिरात आली, बँकॉकला कस्टमर सपोर्ट, महिना ऐंशी हजार, राहणं-खाणं कंपनीचं. एजंट सुरतचा. त्याने व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू घेतला, इंग्रजी टायपिंग घेतलं, सगळं खरंच वाटावं असं. थायलंडला आपल्याला तेव्हा व्हिसा लागत नव्हता ६० दिवस, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मुंबईहून विमानात बसला, बँकॉकला उतरल्याचा फोटो पाठवला, आणि मग दोन दिवस फोन बंद.

तिसऱ्या दिवशी रात्री दुसऱ्याच नंबरवरून फोन. विमानतळावरून गाडीत घातलं, सात-आठ तास गाडी चालली, गाव आलं माए सोत, तिथून अंधारात होडीने नदी ओलांडली आणि पलीकडे वर्दी घातलेले बंदूकवाले उभे. पासपोर्ट गेला, मोबाइल गेला. आता एका मोठ्या कंपाउंडात आहे, भिंतीवर तारा, फाटकावर हेच बंदूकवाले. पंधरा-सोळा तास कॉम्प्युटरसमोर बसवतात, बाईच्या नावानं खोटे प्रोफाइल काढून अमेरिकेतल्या, आपल्याकडच्या लोकांना गुंतवणुकीच्या नावाने फसवायचं. नाही म्हटलं तर करंट देतात. जायचं असेल तर पाच लाख भर म्हणतात, आम्ही एजंटला तुझे पैसे मोजलेत म्हणतात.

पोलीस स्टेशनला गेलो. उत्तर मिळालं, "तुमचा पोरगा स्वतःहून गेला ना, मग आम्ही काय करणार, मिसिंग लिहून देतो." दोन महिने होत आले. ताई जेवत नाही, गावात कुणी विचारलं तर बँकॉकला आहे नोकरीला असं सांगते. मेहुणे दीड एकर विकायला निघालेत. मला फक्त एवढं सांगा की सरकार नसलेल्या बंदूकवाल्यांच्या तावडीतून आपला माणूस सोडवायचा तर अर्ज कुणाच्या नावे लिहायचा?

---

मेहरूणची बोरं – २१ जानेवारी

वाचून सुन्न झाले. ताईंना सांभाळा दादा. एकच सांगते, आत्तापर्यंतचे सगळे स्क्रीनशॉट, व्हॉइस नोट, एजंटला केलेलं यूपीआय, तिकीट, सगळं दोन-तीन मोबाइलमध्ये आणि मेलवर टाकून ठेवा. एजंट प्रोफाइल उडवतात आणि मग आपल्या हातात काहीच राहत नाही.

---

उधना ते नंदुरबार – २१ जानेवारी

मी सुरतलाच असतो, लिंबायतकडे. असे एजंट इथं गल्लीगल्लीत आहेत आणि ऑफिस भाड्याचं, महिन्यात बंद. खरा परवानावाला असेल तर त्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर सापडतं, नोंदणी नंबर असतो. नोंदणी नसताना परदेशात नोकरीला माणूस पाठवणं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने गुन्हा आहे, आणि परवानावाल्यालाही सर्व्हिस चार्ज ३० हजार अधिक जीएसटी एवढाच घेता येतो. तुमच्याकडून किती घेतले?

---

बोरीकाठ – २१ जानेवारी

एक लाख दहा हजार. आणि डिसेंबरमध्ये "सोडतो" म्हणून पन्नास हजार अजून. ते पण गेले.

---

पांझरा – २२ जानेवारी

दादा, मी धुळ्याला वकिली करतो, तीस वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहितो, वाचून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे "मिसिंग" हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. मिसिंग म्हणजे कुठे आहे माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे कुठे आहे, कुणी नेलं, कोण पैसे मागतंय. दुसरी गोष्ट, "स्वतःहून गेला" हे जे तुम्हाला सांगितलं त्याला कायद्यात काडीचा आधार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ मानवी तस्करीचं आहे, फसवून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी माणूस नेला तर ती तस्करी, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की तस्करी ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. तो विमानात हसत चढला असला तरी गैरलागू. शिक्षा कमीत कमी सात वर्षं. त्यासोबत १२७ म्हणजे अन्यायाने डांबून ठेवणं, १४०(२) खंडणीसाठी पळवणं, ३१८ फसवणूक, आणि एमिग्रेशन कायद्याचं कलम १० आणि २४. अर्जात मी जसं लिहितोय तसंच लिहा: अमुक तारखेपासून माझ्या भाच्याला सशस्त्र टोळीच्या पहाऱ्यात त्याच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवलेलं आहे.

ठाणे अंमलदार घेत नसेल तर बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोस्टाने, रजिस्टर्ड, पोलीस अधीक्षकांना. गुन्हा सुरतेत घडला, मुंबईत घडला, आमची हद्द नाही असं म्हणतील, तर त्याच कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न सोडवलाय, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. आणि जिल्ह्याला अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, एसपी ऑफिसलाच, त्यांच्याकडे एक प्रत द्या आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

तुम्ही विचारलंत अर्ज कुणाच्या नावे. बंदूकवाल्याच्या नावे अर्ज नसतो दादा. तो आपल्या सरकारच्या नावेच असतो, सोडवण्यासाठी जे जे करता येईल ते करा म्हणून.

---

बोरीकाठ – २२ जानेवारी

वकीलसाहेब, हे सगळं मी प्रिंट काढून घेतलं. संमती गैरलागू हे वाक्य ताईला वाचून दाखवलं. ती दोन महिने एकच म्हणत होती की मीच त्याला जा म्हटलं.

---

सातपुडा वारा – २२ जानेवारी

मी शहाद्याचा, म्यानमारमध्ये यांगूनला एका डाळीच्या व्यापाऱ्याकडे चार वर्षं होतो (तूर आणि उडीद तिकडून येते ना आपल्याकडे), तर तिथली थोडी माहिती देतो. म्यावाडी हे शहर थायलंडच्या माए सोतच्या बरोबर समोर, मध्ये मोई नदी, उन्हाळ्यात तर गुडघ्याएवढं पाणी. तिथं म्यानमार सरकारचं चालत नाही. करेन लोकांच्या जुन्या बंडखोर सैन्यातून १९९४ साली एक गट फुटला, त्यातले बहुतेक २०१० मध्ये लष्कराच्या आश्रयाखाली बॉर्डर गार्ड फोर्स झाले, सगळे बीजीएफ म्हणतात. २०२४ मध्ये त्यांनी नाव बदलून करेन नॅशनल आर्मी केलं. म्होरक्या सॉ चिट थू, ब्रिटनने २०२३ च्या डिसेंबरात त्याच्यावर निर्बंध टाकलेत. त्या फुटलेल्या गटातले जे लष्कराखाली जायला तयार झाले नाहीत ते डीकेबीए. केके पार्क, श्वे कोक्को ही कंपाउंडं बीजीएफच्या मुलखात, चिनी टोळ्या जागा भाड्याने घेतात आणि बंदूकवाले भाडं आणि पहाऱ्याचे पैसे घेतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये सांगितलेलं की एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार माणसं अशी अडकलीत.

म्हणून यांगूनच्या आपल्या दूतावासाने नेपिडोला, म्हणजे म्यानमारच्या राजधानीला, पत्र लिहिलं की तिथला साहेब "हो" म्हणतो आणि पुढे काही हलत नाही, कारण त्याच्या हातातच नाही. हलतं ते थायलंडच्या बाजूने. त्या कंपाउंडांची वीज, इंटरनेट, डिझेल, तांदूळ सगळं नदीच्या अलीकडून जातं. या महिन्याच्या सुरुवातीला तो चिनी नट वांग शिंग माए सोतहून गायब झाला आणि ७ तारखेला परत मिळाला, बातमी वाचली असेल. चीनमध्ये बोंब झाली तशी थायलंडची पर्यटनाची घबराट झाली आणि चार दिवसांत माणूस बाहेर. म्हणजे इच्छा असली तर निघतो. तुम्ही यांगून आणि बँकॉक दोन्ही दूतावासांना लिहा, एकाला लिहून थांबू नका.

---

मेहरूणची बोरं – २३ जानेवारी

आणि मदद पोर्टल. परराष्ट्र मंत्रालयाचं आहे, २०१५ पासून. घरच्यांनी इथूनच नोंदवायचं, पासपोर्टची कॉपी लागते, नोंदवलं की नंबर मिळतो. पुढच्या प्रत्येक मेलमध्ये तो नंबर वर टाकायचा. खासदारांचं पत्र त्याच नंबरसकट मंत्रालयात गेलं तर फाइल वर येते. मी नणंदेच्या कुवेतच्या केसमध्ये हे केलंय. (त्यांना मालकाने कोंडलं होतं, ते प्रकरण वेगळं, पण रस्ता हाच.)

---

एरंडोल १९८४ – २३ जानेवारी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पैसे भरा आणि पोरगा आणा. आमच्या ओळखीतल्या एका घराने साडेचार लाख भरले, नऊ दिवसांत पोरगा थायलंडच्या पोलिसांत आणि तिथून घरी. कागद फिरवत बसाल आणि तिकडे तो मार खात बसेल. शेत पुन्हा घेता येतं.

---

उधना ते नंदुरबार – २३ जानेवारी

माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधल्यांनी पण भरले. पोराला गाडीत बसवलं आणि दुसऱ्या कंपाउंडला विकलं, तिथं पुन्हा पाच लाख. आणि पैसे आले की कळतं ना त्यांना की हे घर पैसे देणारं आहे.

---

बोरीकाठ – २४ जानेवारी

दोघांचंही खरं आहे आणि त्यामुळेच रात्री झोप येत नाही. पन्नास हजार दिल्यावर आम्हाला उलट जास्त फोन यायला लागले होते हे मात्र खरं. मेहुण्यांना म्हटलं महिनाभर थांबा, इसारपावती करू नका. जर त्या महिन्यात पोराला काही झालं तर ते माझ्यावर, हे मी त्यांना सांगूनच थांबवलंय.

काल फोन आला होता. स्पीकरवर ठेवायला लावतात, बाजूला टीम लीडर असतो, तो पण भारतातलाच, हिंदीवाला, पैशाचंच बोल म्हणतो. पोरगा हिंदीत पैशाचं बोलला आणि मध्येच अहिराणीत, "मामा, माले आठून काढ. मायले काही सांगू नको." त्या टीम लीडरला वाटलं रडतोय. तेव्हा मला सुचलं आणि मी रडल्यासारखंच करून विचारलं, "कितला पोऱ्या शेतस?" (किती पोरं आहेत) तो म्हणाला बारा. म्हणजे आपल्याकडचे बारा भारतीय त्या खोलीत. फाटकावरच्या पाटीचा रंग, इमारतीचा नंबर, नदी कुठल्या अंगाला दिसते, सगळं अहिराणीत काढलं तुकड्या-तुकड्याने. शाळेत याच बोलीवरून मास्तर हातावर छडी मारायचे आम्हाला.

---

पांझरा – २४ जानेवारी

दादा, हे सगळं तारीख-वेळ टाकून लिहून दोन्ही दूतावासांना आजच मेल करा. पण त्याला फोटो, लोकेशन पाठव असं अजिबात सांगू नका. त्याचा फोन तपासतात, सापडलं तर जिवावर येईल. आणि पोराचं नाव, फोटो फेसबुकवर कुणालाही टाकू देऊ नका, इथल्या मंडळींनाही हात जोडून विनंती.

---

बोरीकाठ – ३१ जानेवारी

अपडेट. रजिस्टर पत्र गेल्यावर एसपी ऑफिसातून फोन आला, कक्षातल्या एक महिला अधिकारी आहेत, त्यांनी अडीच तास बसून माझा आणि मेहुण्यांचा जबाब घेतला. १४३ लावलंय. मददचा नंबर मिळाला, बँकॉक दूतावासाचं उत्तर आलं, यांगूनचं पण आलं, दोघांनीही नाव यादीत घेतल्याचं लिहिलंय. खासदारांचं पत्र गेलं.

वकीलसाहेब, हायकोर्टात हेबियस कॉर्पस होतं का? गावात एकजण सांगत होता.

---

पांझरा – ३१ जानेवारी

औरंगाबाद खंडपीठात आपले खान्देशातले तिन्ही जिल्हे येतात, अनुच्छेद २२६ खाली अर्ज करता येतो. पण त्या बंदूकवाल्याला "माणूस हजर कर" असा आदेश आपलं कोर्ट देऊ शकत नाही, तिथं आदेश पोचणार कुणाकडे. मागता येतं ते केंद्र सरकारला निर्देश, की काय पावलं उचलली ते शपथपत्रावर सांगा. सध्या यादीत नाव आहे, उत्तरं येतायत, तर थोडं थांबू. महिनाभर काही हललं नाही तर मी स्वतः अर्ज तयार करून देतो, फी नको.

---

सातपुडा वारा – ६ फेब्रुवारी

दादा बातमी पाहिली का?? काल ५ तारखेला थायलंडने म्यावाडीसकट सीमेवरच्या पाच ठिकाणची वीज तोडली, इंटरनेट आणि डिझेल पण बंद. आता बंदूकवाल्यांच्या भाड्याला झळ लागणार.

---

बोरीकाठ – ८ फेब्रुवारी

पोराचा फोन नाही. वीज नाही म्हणून नाही की काय कळत नाही. चांगलं झालं म्हणू की वाईट. ताई मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्यासमोरच बसते.

---

एरंडोल १९८४ – ९ फेब्रुवारी

नाना, मी आधी पैसे भरा म्हटलं होतं त्याबद्दल तुमच्या मनात काही नसू द्या. रोज धागा उघडून बघतो. काही कमी-जास्त लागलं तर एरंडोलला घर आहे तुमचं.

---

सातपुडा वारा – १३ फेब्रुवारी

काल डीकेबीएने २६० जण थायलंडच्या सैन्याच्या ताब्यात दिले, वीस देशांचे. बीजीएफ पण सोडणार म्हणतंय. यादीत नाव आहे ना, ते आता कामाला येईल बघा.

---

बोरीकाठ – २२ फेब्रुवारी

फोन आला. कंपाउंडातून बाहेर काढलंय पण नदीच्या अलीकडे नाही आणला अजून. बीजीएफच्याच छावणीत एका शेडमध्ये शेकडो जण जमिनीवर, दिवसातून दोनदा भात, दोन-तीन संडास सगळ्यांना मिळून. मारत नाहीत आता, पण पहाऱ्यावर बंदूकवाले तेच आहेत. कालपर्यंत कोंडणारे तेच आज सोडवणारे म्हणून फोटो काढतायत असं म्हणाला. पोराला खोकला झालाय, आवाज ओळखू येत नव्हता.

सात हजारांच्या आसपास माणसं अशी मध्येच लटकलीत असं बातम्यांत आहे. ज्या देशाचं विमान येईल त्यांची माणसं नदी ओलांडणार, चीनची आधी जातायत. आता आपल्या विमानासाठी कुठे लिहू?

---

मेहरूणची बोरं – २२ फेब्रुवारी

त्याच मदद नंबरवर, त्याच मेलच्या साखळीत. "सुटका झालेली नाही, अजूनही सशस्त्र गटाच्याच ताब्यात, प्रकृती खराब" असं लिहा. सुटला असं समजून फाइल बंद होता कामा नये.

---

पांझरा – २३ फेब्रुवारी

मेहरूणच्या ताईंचं बरोबर आहे. आणि अजून एक, पुढचा फोन आला की त्याला सांगा: थायलंडचे अधिकारी, दूतावासाचे लोक, आपले तपासवाले, सगळे विचारतील की तू तिथं काय काम करत होतास. खरं सांगायचं. फसवायला लावलं, कुणी लावलं, नाही म्हटल्यावर काय केलं. भीतीपोटी "मी काहीच केलं नाही" असं खोटं बोलला तर पुढे त्याच्यावरच उलटेल. त्याला बळजबरीने राबवलं हे आपल्या एफआयआरमध्ये जानेवारीपासून लिहिलेलं आहे, त्याची सुटका व्हायच्या आधीचा कागद आहे तो, त्याला फार वजन असतं.

---

बोरीकाठ – १२ मार्च

मंडळी, काल दुसऱ्या विमानात भाचा आला. सोमवारी १० तारखेला वायुसेनेच्या विमानातून २८३ आणि काल ११ तारखेला २६६, माए सोतहून थेट. त्या २६६ मध्ये आमचा. दिल्लीजवळ उतरवलं, तपासवाल्यांनी विचारपूस केली, सगळं खरं सांगितलं म्हणाला. मेहुणे आणि मी दिल्लीला निघालोय, गाडीतूनच लिहितोय, खंडव्याच्या पुढे आलोय. बाकी लिहवत नाही आत्ता.

---

एरंडोल १९८४ – १२ मार्च

देव पावला नाना.

---

बोरीकाठ – १६ मार्च

धुळवडीच्या दिवशी पहाटे भुसावळला उतरलो. ताई स्टेशनवर आली होती, तिला येऊ नको म्हटलं होतं. दोघं काही बोललेच नाहीत, ती त्याचे हात उलटेपालटे करून बघत राहिली. मनगटाच्या वर करंटचे डाग आहेत. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून सिव्हिलला नेऊन डॉक्टरांकडून सगळ्या खुणांची नोंद करून घेतली आणि ती कक्षात दिली.

घरी आल्यावर कळण्याची भाकरी मागितली. अर्धी खाल्ली. रात्री दिवा बंद करू देत नाही.

गावात काहीजण विचारायला येतात आणि जाताना म्हणतात, जायचंच कशाला होतं. मेहुणे गप्प राहतात. मी राहत नाही, मी त्यांना १४३ चं स्पष्टीकरण वाचून दाखवतो. तो गेला नव्हता, त्याला नेलं होतं. एजंट अजून फरार आहे, सुरतेला पथक जाऊन आलं.

---

उधना ते नंदुरबार – १२ एप्रिल

महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून ६० जण सोडवल्याची आणि पाचजणांना अटक केल्याची बातमी आली, बघितली का? तुमच्या एजंटचा नंबर, टेलिग्राम आयडी त्यांच्याकडेही द्या, साखळी एकच असायची.

---

बोरीकाठ – १३ एप्रिल

कक्षातल्या मॅडमनी तिकडे पाठवलाय. भाच्याचा पुरवणी जबाब पण झाला, या वेळी त्याने न थांबता सांगितलं.

---

नवीन सभासद (शिरपूर) – २९ एप्रिल

नमस्कार. धागा पूर्ण वाचला. माझा लहान भाऊ जानेवारीत गेलाय, तोच रस्ता, तीच नदी. आम्ही अजून कुणालाच सांगितलं नाही, वडिलांना लाज वाटते. शेवटचा फोन तेरा दिवसांपूर्वी आला. पोलिसांत गेलो तर स्वतःहून गेला असंच म्हणतील ना?

---

बोरीकाठ – २९ एप्रिल

दादा, म्हणतील. तुम्ही वकीलसाहेबांची २२ जानेवारीची पोस्ट प्रिंट काढून सोबत न्या, पासपोर्टची कॉपी असेल तर मदद आज रात्रीच नोंदवा, उद्याची वाट बघू नका. वडिलांशी मेहुणे बोलतील, मी नंबर निरोपातून पाठवतो.

भाऊ कुठल्या इमारतीत आहे ते तुम्हाला माहीत नसेल तरी भाऊ जे काही बोलला असेल ते शब्दन् शब्द आठवून लिहा. भाच्याने कॅलेंडरच्या मागे त्या कंपाउंडचा नकाशा काढून ठेवलाय, फाटकं, पाण्याची टाकी, कुठून नदी दिसते ते. उद्या आखाजीला आम्ही सगळे ताईकडेच आहोत, दुपारी फोन करा. तो स्वतः बोलेन म्हणालाय.